कणी, पोहे आणि चौदा दिवसांची टाकी

पबच्या फळ्यावर खडूनं 'लोकल क्राफ्ट बिअर' लिहिलेलं दिसलं की पहिला प्रश्न हाच विचारावा: यातलं लोकल नेमकं काय? पुण्यातल्या बहुतेक ठिकाणी प्रामाणिक उत्तर असं येईल: पाणी इथलं, मेहनत इथली, मॉल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) बऱ्याचदा जर्मनी-बेल्जियमचा, हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं) जर्मनी-अमेरिकेचे, यीस्ट पाकिटातलं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हॉप्सच्या वेलाला फुलोऱ्याआधी उन्हाळ्यातले लांबलचक दिवस आणि मग कडक थंडी लागते. आपल्या देशात लाहौलच्या खोऱ्यात ते पिकतात, सासवड-शिरूरला पिकणार नाहीत. पण मग 'लोकल' हा शब्द कमवायचा कुठून? तीन जागा उरतात: धान्य, ताजेपणा आणि ताट. तिन्हींत मुख्य खर्च वेळेचा होतो, आणि तोच करायला पब कचरतात.

स्लो फूडची गोष्ट इथं थोडक्यात सांगायला हवी, कारण त्याचा अर्थ 'मंद आचेवर शिजवलेलं' असा घेऊन मेनू छापणारे खूप आहेत. 1986 मध्ये रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्स येणार म्हणून निदर्शनं झाली. त्यातून ब्रा गावच्या कार्लो पेत्रिनींनी चळवळ उभी केली आणि 1989 मध्ये पॅरिसला तिचा जाहीरनामा निघाला. चवीला चांगलं, निसर्गाला न ओरबाडता आलेलं, पिकवणाऱ्याला रास्त दाम देणारं, एवढीच त्यांची व्याख्या. गंमत अशी की त्याच 1986 साली, ब्रा ज्या कुनेओ जिल्ह्यात आहे तिथल्याच पिओत्सो नावाच्या खेड्यात तेओ मुस्सोनं 'बालादिन' हा पब उघडला. दहा वर्षं दुसऱ्यांची बिअर विकून 1996 मध्ये त्यानं स्वतःची गाळायला घेतली आणि इटलीतली क्राफ्ट बिअर तिथून वाढली. 2016 मध्ये तर इटलीनं 'बिर्रा आर्तिजानाले'ची व्याख्याच कायद्यात घातली: ब्रुअरी छोटी आणि स्वतंत्र हवी, बिअर पाश्चराइझ किंवा सूक्ष्मगाळण केलेली नको.

पुण्यात 2009 मध्ये डूलाली सुरू झाली, आणि त्यानंतर गल्लोगल्ली तांब्याच्या टाक्या दिसू लागल्या. टॅपही, म्हणजे एकेका प्रकारच्या बिअरचे नळही, वाढत गेले. आठ टॅप, दहा टॅप, बारा टॅप. दुखणं इथूनच सुरू होतं. पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब करून बघा.

500 लिटरच्या चार टाक्या आहेत असं धरू. तळाचं यीस्ट आणि गाळ सोडून प्रत्येक टाकीतून साधारण 450 लिटर बिअर हाती लागते, म्हणजे 330 मिलीचे 1,350 च्या आसपास ग्लास. एल (उबेत लवकर आंबणारी बिअर) असेल तर 14 दिवस, टाकी धुण्या-भरण्याचे धरून 17. लागर (थंडाव्यात सावकाश आंबणारी) असेल तर सहा आठवडे. तीन टाक्या एलला आणि एक लागरला दिली तर आठवड्याला सरासरी 630 लिटर तयार होते. सोमवार ते शुक्रवार रोज 150 ग्लास आणि शनिवार-रविवारी 400-400 विकणारा पब आठवड्याला 510 लिटर खपवतो. म्हणजे माल पुरतो, पण जेमतेम. आता हेच 510 लिटर चार टॅपवर वाटलं तर एक बॅच साडेतीन आठवड्यांत संपते. आठ टॅपवर वाटलं तर सात आठवडे लागतात. गव्हाची बिअर चौथ्या आठवड्यापासून केळ-लवंगेचा आपला वास गमवायला लागते, हॉपी एल तर त्याहून लवकर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. तेव्हा गल्लीतल्या पबला चार टॅप पुरे, फार तर पाच. पाचवा स्टाउट किंवा पोर्टरसाठी, कारण गडद बिअर दोन महिने बिनतक्रार थांबते.

दुसरी बाजू घाईची. आयपीएलचा शनिवार तोंडावर आला, टॅप कोरडा पडला, टाकीत आठव्या दिवशीची एल आहे. मॅनेजर म्हणतो, काढा. घनता मोजणारा हायड्रोमीटर 1.011 दाखवतोय, आंबणं संपलंय, मग काय हरकत आहे? हरकत डायअसिटिलची, म्हणजे लोण्याचा वास देणाऱ्या पदार्थाची. यीस्ट आंबवताना त्याचा पूर्वपदार्थ बाहेर सोडतं आणि नंतर, साखर संपल्यावर, तयार झालेलं डायअसिटिल स्वतःच परत गिळतं. या गिळण्याला ऊब आणि दोन-तीन दिवस लागतात. त्याआधी टाकी थंड केली की यीस्ट झोपतं, आणि केगमध्ये आठवड्याभरानं बिअरला थिएटरातल्या पॉपकॉर्नचा वास येतो. तपासायची रीत बिनखर्चाची आहे. टाकीतून दोन ग्लास नमुना काढा. एक झाकून 60–65 अंशांच्या पाण्यात 20 मिनिटं ठेवा, मग दोन्ही सारखे गार करून हुंगा. तापवलेल्यात लोण्याचा वास आला आणि दुसऱ्यात नाही, तर टाकी अजून तयार नाही. तापमान 20–21 अंशांवर नेऊन दोन दिवस थांबा आणि पुन्हा करा. दोन्हींत वास नसेल तेव्हाच टाकी गार करणारं ग्लायकॉल सोडा. तोवर फळ्यावर 'पेल एल – गुरुवारी' असं लिहायचं आणि गिऱ्हाइकाच्या कपाळावरच्या आठ्या सोसायच्या.

आता धान्य. आपल्याकडच्या मॉल्टला नाकं मुरडायची फॅशन आहे. भारतात बरीचशी बार्ली सहा ओळींची, राजस्थान-हरियाणाकडची. दाणा बारीक, प्रथिनं जास्त, साल जास्त. नुसती वापरली तर बिअर गढूळ आणि थोडी तुरट होते, हे खरंच. पण याच मॉल्टमध्ये स्टार्चची साखर करणाऱ्या विकरांची ताकद भरपूर असते आणि गाळायला सालीचा थर मिळतो. म्हणजे स्वतःची विकरं आणि साल नसलेल्या धान्याला ओढून न्यायला हा मॉल्ट उत्तम. असं धान्य आपल्याकडे पोत्यांनी आहे: तांदूळ, ज्वारी, बाजरी.

सगळ्यांत सोपा मार्ग पोह्यांचा. तांदळातला स्टार्च 68 ते 78 अंशांना फुलतो, मॅश (भरडलेलं धान्य गरम पाण्यात मुरवणं) मात्र 65–66 ला चालतो. म्हणून कच्चा तांदूळ थेट टाकला तर तो तसाच चोथ्यात जातो. पोहे आधीच भिजवून, भाजून, दाबून झालेले असतात, त्यांचा स्टार्च फुललेला असतो. शिजवायची भानगड नाही. 500 लिटरला, सुरुवातीची घनता 1.048 हवी असेल, तर:

भारतीय बेस मॉल्ट 75 किलो, जाड पोहे 27 किलो, धुतलेलं भाताचं तूस 2 ते 3 किलो. मॅशला 300 लिटर पाणी, मिसळून झाल्यावर 65 अंश, 60 मिनिटं. कडवटपणा 15–18 आयबीयू (कडवटपणाचं माप), त्यापलीकडे नको. आंबवणं 18 अंशांना, स्वच्छ एल यीस्टनं. 1.010–1.011 ला थांबते, मद्यार्क 5 टक्क्यांच्या आसपास.

पोहे मॉल्टच्या नंतर टाकायचे, मुठीमुठीनं भुरभुरत, कुणीतरी ढवळत असताना. एकदम ओतले की गोळे होतात आणि गोळ्याच्या पोटात कोरडं पीठ राहतं. पातळ पोहे घेऊ नका. त्यांची लापशी होते, जाळीवर बसते आणि गाळणं अडतं. पोत्याच्या तळाची भुकटी चाळून टाका, कारण तेच. गाळणं अडलंच तर पंप जोरात लावायचा मोह आवरा. जोरानं थर आणखी घट्ट बसतो. पंप बंद करायचा, खालून दोन-तीन मिनिटं गरम पाणी उलटं सोडायचं, थर उचलला की अर्ध्या वेगानं पुन्हा सुरू.

ज्वारीला जास्त कष्ट आहेत. तिचा स्टार्चही उशिरा फुलतो, म्हणून आधी वेगळी शिजवायची. गिरणीतून पीठ आणायचं नाही, भरड आणायची, लापशीच्या रव्याएवढी. 30 किलो ज्वारीची भरड, 3 किलो मॉल्ट आणि 130 लिटर पाणी केटलमध्ये. 70 अंशांना 20 मिनिटं थांबायचं. तेवढ्यात ते 3 किलो मॉल्ट लापशी पातळ करतं, नाहीतर पुढं हलवता येत नाही. मग उकळी आणून अर्धा तास. या अर्ध्या तासात फोन उचलायचा नाही, कारण ही लापशी बुडाला लागते, आणि लागली की जळका वास शेवटच्या ग्लासापर्यंत पाठ सोडत नाही. दरम्यान शेजारी 70 किलो मॉल्ट 210 लिटर पाण्यात 50 अंशांवर तयार ठेवायचं. उकळती ज्वारी त्यात ओतली की गणितानं 68 येतं, पाइपात आणि भांड्यात उष्णता जाऊन प्रत्यक्षात 66. इथून नेहमीचा मॅश. ज्वारी 30 टक्क्यांवर नेली तर यीस्टला खायला नायट्रोजन कमी पडतो, आंबणं शेवटी रेंगाळतं. यीस्टचं पोषक आणि किंचित जस्त घालावं लागतं. चव मात्र छान येते, किंचित मातकट, कोरडी, भाकरीच्या पापुद्र्याची आठवण करून देणारी. आणि हो, यात बार्ली आहे. 'ज्वारीची म्हणून ग्लूटेन-फ्री' असं फळ्यावर लिहिणं हा गुन्हा समजावा.

बाजरी दहा टक्क्यांपुढं नको. बाजरीचं पीठ आठवड्यात कडू होतं हे प्रत्येक घराला ठाऊक आहे, ते तिच्या कोंबातल्या तेलामुळं. तेच तेल बिअरचा फेस मारतं. दळून आणली त्याच दिवशी वापरायची. आंबेमोहोराचं म्हणाल तर तो महागाचा तांदूळ केटलमध्ये घालणं म्हणजे पैसे वाफेवर उडवणं. त्याचा सुवास तासाभराच्या उकळीत निघून जातो. शेतकऱ्याला चांगला भाव द्यायचा असेल तर आंबेमोहोर ताटात वाढा, बिअरला त्याच शेतकऱ्याची कणी घ्या आणि ज्वारीसारखी शिजवा. गुळाबद्दलही एक गैरसमज आहे. गूळ घातला म्हणून बिअर गोड होत नाही. यीस्ट तो जवळजवळ सगळा खातं, उलट बिअर कोरडी होते आणि मागं थोडी खारट-काळसर चव राहते. दहा टक्क्यांच्या आत, उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत.

कोकम हा कोकणचा आपल्या ब्रुअरला मोठाच आधार. आंबटपणासाठी बॅक्टेरियांच्या मागं लागायला नको, रंगही मिळतो. पण आमसुलं विकत घेताना 100 ग्रॅम लिटरभर पाण्यात तासभर भिजवून चाखा. बरीचशी मीठ लावून वाळवलेली असतात. बिनमिठाची असतील तर गव्हाच्या बिअरला लिटरमागे 5 ग्रॅम, 450 लिटरला सव्वादोन किलो. मिठाची असतील तर त्यांची गोझं (खारट-आंबट जर्मन गव्हाची बिअर) करा आणि वेगळं मीठ घालूच नका. आगळ टाळा, त्यात मीठ इतकं असतं की हिशेब हाताबाहेर जातो. बिया एकूण एक काढायच्या, कारण कोकमाचं तेल बियांत असतं आणि तेल म्हणजे फेसाचा शत्रू. सोलं बुडतील इतपतच 80 अंशांच्या पाण्यात 15 मिनिटं, मग पाण्यासकट कार्बन डायऑक्साइड भरलेल्या थंड टाकीत. तिसऱ्या दिवसापासून रोज चाखायचं. चार-पाच दिवसांत काम होतं, त्यापुढं तुरटपणा चढतो.

पाण्यावर कुणी बोलत नाही. खडकवासल्याकडून येणारं पाणी तुलनेनं मऊ, हलक्या बिअरला सोयीचं. उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की सगळं पालटतं. टँकर बोअरचा, जड पाण्याचा असू शकतो, आणि मग तीच रेसिपी फिकी ऐवजी खरखरीत कडवट लागते. टँकर आला की टाकीत सोडण्याआधी टीडीएस आणि कडकपणा मोजा, वहीत लिहा. महापालिकेच्या पाण्यातल्या क्लोरिनची वेगळी काळजी: तो मॉल्टमधल्या फिनॉलशी जुळला की बिअरला बँडेजच्या पट्टीचा वास येतो, आणि तो नंतर कशानंही जात नाही. कार्बन फिल्टर हवाच. फिल्टरवर भरवसा नसेल तर एका बॅचच्या 800 लिटर पाण्याला 5 ते 8 ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट.

इतकं करून बिअर मेली तर ती बहुधा शेवटच्या दहा मीटरांत मरते. टॅपच्या नळ्या दर 14 दिवसांनी 2 टक्के कॉस्टिक सोड्यानं धुवायच्या, द्रावण 15 मिनिटं फिरतं ठेवून, मग लिटमस साध्या पाण्याचा रंग दाखवेपर्यंत पाणी. दर तीन महिन्यांनी आम्ल, कारण दगडासारखा थर कॉस्टिकला दाद देत नाही. 8 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत मीटरला 50 मिली बिअर बसते, म्हणजे दहा मीटरला अर्धा लिटर दर वेळी वाया. मालकाला हे अर्धा लिटर दिसतं, आंबूस टॅपमुळं परत न येणारं टेबल दिसत नाही. टॅपवर 3–4 अंश आणि 11–12 पीएसआय हे साध्या एलला बरोबर. नुसताच फेस येत असेल तर आधी तापमान बघा, दाब नंतर. दाब कमी केला की दोन दिवसांत बिअरमधला वायू जाऊन ती बसते, फेस मात्र राहतोच.

ग्लासांचं सिंक वेगळं हवं. जिथं मिसळीच्या तर्रीच्या वाट्या धुतल्या जातात तिथं ग्लास धुतला की काचेवर तेलाचा पापुद्रा राहतो आणि फेस मिनिटभरात कोसळतो. ओल्या ग्लासावर आतून मीठ भुरभुरून बघा. जिथं चिकटणार नाही तिथं तेल आहे.

ताटाकडं येऊ. इथंही टॅपचाच नियम: आठ-नऊ पदार्थ, त्यातले चार महिन्याला बदलणारे. पावसाळ्यात कर्टुली, भारंगी, कुर्डू, शेवळं. शेवळं करणार असाल तर सोबत काकडं ही रानफळं विकत घ्या किंवा चिंच सढळ घाला, नाहीतर गिऱ्हाइकाचा घसा खाजेल आणि दोष बिअरला जाईल. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात बारमाही 'फ्रेश सुरमई' विकणारा पब बिगर-यांत्रिक होडीची, पूर्व किनाऱ्याची नाहीतर फ्रीझरमधली विकत असतो. कुठली ते सांगावं, किंवा सरळ सुक्या मासळीवर यावं. सुके बोंबील डोकं-शेपूट काढून, तुकडे करून, तव्यावर कडकडीत भाजायचे, गरम पाण्यात झटपट धुवायचे, आणि लसूण, सुकं खोबरं, लाल मिरचीबरोबर खलबत्त्यात ठेचायचे. पोर्टरबरोबर याला तोड नाही.

हिवाळ्यात हुरडा. डिसेंबर ते फेब्रुवारी एवढीच त्याची मुदत, आणि प्रत्येक शेताची तर आठ-दहा दिवसांचीच. कणसं तोडल्यापासून दाण्यातली साखर कमी होत जाते, म्हणून सकाळी निघालेला माल रात्रीच्या पंगतीला संपवायचा. गोवऱ्यांच्या आराची सोय शहरात नसते. चोळलेला कच्चा हुरडा जाड लोखंडी तव्यावर झाकण न ठेवता चार-पाच मिनिटं, सतत हलवत. गार झाला की चामट होतो, तेव्हा एका वेळी दोनच ताटांचा भाजा. सोबत लसूण-शेंगदाण्याची चटणी आणि पोह्यांची फिकी एल. ज्वारीच्या बिअरबरोबरही लोक मागतात, पण मग चवीला चव झाकते असं आमचं मत.

तिखटाबरोबर आयपीए (हॉप्स भरपूर असलेली कडवट एल) ठेवण्याची रीत कुणी पाडली कोण जाणे. 50 आयबीयूचा कडवटपणा आणि बुडबुडे मिरचीची आग वाढवतात. ठेचा, तांबडा रस्सा, सुकं मटण यांना कमी कडवट गव्हाची बिअर, किंवा मॉल्टची गोडी असलेली तपकिरी एल. आयपीए ठेवायचीच तर अळूवडी, कोथिंबीर वडीच्या वाट्याला द्या, तेल कापायला ती कामाची.

राहिला चोथा. 100 किलो धान्यामागे ओला चोथा 120 ते 130 किलो निघतो, त्यात तीन चतुर्थांश पाणी, आणि पुण्याच्या एप्रिलात तो 24 तासांत आंबतो. गोठेवाल्याशी वेळ ब्रू डेच्या दुपारचीच ठरवा, दुसऱ्या दिवसाची नाही. त्यातला चार-पाच किलो स्वयंपाकघरासाठी लगेच वेगळा काढायचा, ताटात बोटभर जाडीनं पसरून 90–100 अंशांच्या ओव्हनमध्ये सहा ते आठ तास, मधूनमधून उलटत. मुठीत चुरला जाईल इतका वाळला की दळून बारीक चाळणीनं चाळा. साल राहिली तर घशाला टोचते. हे पीठ थालीपिठाच्या भाजणीत 15 टक्क्यांपर्यंत खपतं. त्यापुढं थालीपीठ थापताना फाटतं, कारण याच्यात चिकटपणा नावालाही नाही. भाजणी नेहमीपेक्षा थोड्या जास्त पाण्यानं आणि कोमट पाण्यानंच मळा, पंधरा मिनिटं झाकून ठेवा. वड्यांत मात्र घालू नका, भारंभार तेल पितं.